जत्रेची मर्यादा : न्यूरेंबर्गच्या नाताळबाजारातील काही विचार

मार्गशीर्ष हा आपल्याकडे उपासनेचा महिना. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी सर्व मासांमध्ये याच मासाला आपली विभूती म्हटले आहे. गुरुवारची व्रते, धनुर्मासातील पहाटेचा नैवेद्य आणि पौर्णिमेच्या सायंकाळी दत्तजन्माचा सोहळा, अशा क्रमाने हा महिना भाविक घरांतून साजरा होतो. नेमक्या याच दिवसांत उत्तरेकडील शीत देशांतील ख्रिस्ती लोक आपल्या बालदेवाच्या जन्माची वाट पाहत असतात. चार रविवारांच्या या प्रतीक्षाकाळाला ते ‘अॅडव्हेंट’, म्हणजे आगमन, असे म्हणतात. दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या क्रमाने उजळावयाच्या आणि चौथी उजळली की जन्म समीप आला असे समजावयाचे, ही त्यांची घरगुती रीत.

दत्तजयंतीच्या पानावर एका हरिदासाने जर्मनीतील नाताळबाजाराविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु जन्माचे कीर्तन करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना परक्या देशीचा जन्मोत्सव पाहताना स्वतःच्या उत्सवाविषयीच अधिक प्रश्न पडतात. गेल्या काही वर्षांत आमच्या क्षेत्रातील कितीतरी घरांतील मुले-सुना नोकरी-शिक्षणानिमित्त जर्मनीत स्थायिक झाली आहेत. त्यांच्या आग्रहाने हिवाळ्यात तिकडे जाणारे वडीलधारे आता विरळा राहिलेले नाहीत. अशाच एका निमित्ताने न्यूरेंबर्ग नगरी डोळे भरून पाहण्याचा योग आम्हांस आला. तेथे जे पाहिले त्यावरून एकच प्रश्न वाचकांपुढे ठेवावयाचा आहे : उत्सवाने बाजाराला किती जागा द्यावी, आणि कोणत्या अटीवर?

लाकडाकापडाची नगरी

डिसेंबरातील न्यूरेंबर्गला सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि सायंकाळी सव्वाचारच्या सुमारास मावळतो. आठ तासांचा दिवस, तोही बहुधा मळभाने झाकलेला. अशा अंधारात मनुष्याला दीपाची ओढ का लागते, हे त्या थंडीत उभे राहिल्यावाचून कळत नाही. पेग्निट्झ नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले हे जुने नगर, उत्तरेच्या टेकडीवर सम्राटांचा किल्ला, मध्ये उतरत्या लाल छपरांची घरे आणि त्यांच्या हृदयस्थानी ‘हाउप्टमार्क्ट’ हा मुख्य चौक. या चौकात सुमारे १८० लाकडी दुकाने तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाने आच्छादून मांडली जातात. नगरवासी त्याला कौतुकाने लाकडाचे आणि कापडाचे गाव म्हणतात. हाच तेथील ‘क्रिस्टकिंडलेसमार्क्ट’, म्हणजे बालख्रिस्ताचा बाजार.

या बाजाराचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणजे एक चिमुकली लाकडी डबी. तिच्यावर फुले रंगवलेली आहेत आणि हा बाजारातील भेटीचा नजराणा १६२८ साली एका स्त्रीला पाठविल्याचा लेख आहे. ती आज तेथील जर्मानिक राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात जपून ठेवली आहे. राजांचे ताम्रपट आणि शिलालेख आपण आदराने वाचतो. येथे एका जत्रेचा इतिहास कुणा आप्ताने प्रेमाने पाठविलेल्या डबीपासून सुरू होतो, ही गोष्ट आम्हांस फार हृद्य वाटली.

मुलांना भेटी देण्याची त्यांची मूळ चाल ६ डिसेंबरच्या संत निकोलसाच्या दिवसाची. १५२५ साली न्यूरेंबर्गने लूथरचा सुधारलेला पंथ स्वीकारला. संतपूजा न मानणाऱ्या त्या पंथाने ही चाल नाताळाकडे वळविली आणि भेटी आणतो तो संत नव्हे, तर स्वतः बालख्रिस्तच, असे लेकरांना सांगितले. त्या बालख्रिस्ताचे सोंग या बाजारात एक तरुण मुलगी घेते. शुभ्र व सोनेरी वस्त्र, मस्तकी उंच सोनेरी मुकुट आणि कुरळे सोनेरी केस अशा वेषात, अॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारापूर्वीच्या शुक्रवारी सायंकाळी साडेपाच वाजता, ती ‘फ्राउएनकिर्शे’ या मातृमंदिराच्या सज्जावर उभी राहते आणि उद्घाटनाचे काव्य म्हणते. बालदेवाचे रूप कन्येने घ्यावे याचे काहींना नवल वाटेल. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या आपल्या परंपरेला मात्र त्यात अवघड असे काहीच नाही.

सुंठवडा आणि लेबकूखन

आपल्याकडे जन्म झाला की सुंठवडा वाटतात. न्यूरेंबर्गचा प्रसाद म्हणावा असा पदार्थ म्हणजे ‘लेबकूखन’ ही मसाल्याची गोड वडी. तीत दालचिनी, लवंग, वेलदोडा, धने, जायफळ, सुंठ असे पदार्थ असतात. तिच्या उत्तम प्रकारात पीठ अत्यल्प व बदाम-अक्रोडादी गर भरपूर असतो. अंडे असते, म्हणून आमच्यासारख्यांनी केवळ सुवासावर तृप्त व्हावे हे बरे. नगराभोवतालच्या राजवनात पूर्वी मधमाश्या पाळून मध काढीत आणि नगर मोठ्या व्यापारी मार्गांवर असल्याने मसाले येऊन पडत. त्या दोहोंच्या संगमातून ही वडी जन्मली.

हे मसाले कोठून येत, हे सांगावयास हवे काय? १५०५ साली पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे निघालेल्या आल्मेडाच्या आरमारात जर्मन व्यापाऱ्यांचे भांडवल होते आणि त्यांत न्यूरेंबर्गची इमहोफ व हिर्शफोगेल ही घराणी होती. त्याआधी १४९२ च्या सुमारास याच नगरात मार्टिन बेहाइमने तयार करविलेला पृथ्वीचा गोल आजही तेथे पाहावयास मिळतो. जगात टिकून राहिलेला तो सर्वांत जुना पृथ्वीगोल. त्यावर अमेरिका नाही. हिंदुस्थान मात्र आहे. तेव्हा आमच्या मलबारचा वेलदोडा त्यांच्या बालदेवाच्या प्रसादात कित्येक शतके मिसळत आला आहे. देवघरे वेगळी असली, तरी फडताळातील डबा बराचसा एकच आहे.

संस्कृताच्या अभ्यासकाला येथे आणखी एक आठवण होते. न्यूरेंबर्गपासून जवळच एर्लांगेन हे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे १८२६ ते १८४१ या काळात फ्रीडरिश र‍्यूकर्ट हा कवी-पंडित पौर्वात्य भाषा शिकवीत असे. महाभारतातील नलोपाख्यान आणि जयदेवाचे गीतगोविंद त्याने जर्मन काव्यात उतरविले. त्याच र‍्यूकर्टने रचलेले अॅडव्हेंटचे एक स्तोत्र तेथील चर्चमधून आजही गातात. राधामाधवाच्या शृंगारभक्तीत रमलेली लेखणी आपल्या देवाच्या आगमनाचेही गीत लिहिते, आणि तिला त्यात कसलाही संकोच होत नाही! स्वधर्मात दृढ असलेल्या मनालाच दुसऱ्याच्या धर्मातील मधुर ते मोकळेपणाने घेता येते.

दोन वाजले की बाजार मिटतो

आता मुद्द्याकडे वळू. या बाजाराला नगरसभेने मर्यादा घालून दिली आहे. हिरव्या पानांच्या प्लास्टिकच्या माळा दुकानांना लावू देत नाहीत. ध्वनिमुद्रित गाणी वाजवू देत नाहीत. सुक्या आलुबुखारांची बाहुली, पितळेच्या पातळ पत्र्याचा सोनेरी देवदूत, लाकडी खेळणी अशा त्या भूमीच्या हस्तकौशल्याला मान आहे. सर्वांत सुंदर सजविलेल्या दुकानांना दरवर्षी पारितोषिके देतात. गरम पेयाचे पेले अनामत घेऊन दिले जातात आणि परत घेऊन धुतले जातात.

परंतु या सर्व नियमांहून आम्हांस थोर वाटला तो एकच नियम. २४ डिसेंबरला, म्हणजे ऐन नाताळच्या पूर्वसंध्येला, दुपारी दोन वाजता हा बाजार बंद होतो. विक्रीचा सर्वांत गर्दीचा दिवस व्हावा अशा दिवशी व्यापारी फळ्या लावतात, रस्ते ओस पडतात आणि लोक घरी वा चर्चमध्ये जातात. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. बाजार हा उत्सव नव्हे. बाजार ही उत्सवाची तयारी आहे, आणि उत्सव दाराशी आला की तयारीने बाजूला सरकले पाहिजे, असे तो समाज आपल्या कृतीने सांगतो.

याच्या उलट आपल्याकडे काय दिसते? एका गावच्या दत्तजयंतीत आम्ही जन्माच्या कीर्तनाला उभे होतो. पाळणा हलावयाचा तो क्षण, आणि मंडपामागे ध्वनिक्षेपकावरून खेळण्यांच्या सवलतीची आरोळी चाललेली! श्रोत्यांच्या हातातील फुले कोणत्या शब्दावर टाकावयाची हेच कळेना. व्यापाऱ्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला कोणी वेळेची रेघ आखून दिलीच नव्हती.

कोणी म्हणेल, हे नियम श्रीमंत आणि थंड देशातील लोकांना शोभतात. आपला उत्सव उत्स्फूर्त आहे, त्याला चौकट कशाला? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. पंढरीच्या वारीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो आणि चोपदाराचा दंड वर झाला की हजारो कंठ एका क्षणी मौन धरतात. शिस्त ही परदेशची वस्तू असती, तर ज्ञानोबांची पालखी शतकांच्या वाटेवर अशी चाललीच नसती. मर्यादा आपल्याजवळ आहे; ती आपण वाटेवर पाळतो आणि बाजारात विसरतो, इतकेच.

चौकाखालचा इतिहास

तथापि केवळ शिस्त म्हणजे पावित्र्य नव्हे, हेही न्यूरेंबर्गच शिकविते. आणि हा भाग सांगितल्यावाचून त्या नगराची स्तुती करणे असत्य ठरेल.

ज्या चौकात ही रोषणाई होते, तेथे मध्ययुगात ज्यू लोकांची वस्ती होती. १३४९ साली, राजा चौथा चार्ल्स याच्या संमतीने, ती वस्ती उठवून तेथे बाजारचौक करण्याचे ठरले. ५ डिसेंबर १३४९ रोजी किमान ५६२ ज्यू स्त्री-पुरुष-बालकांची हत्या झाली; अनेकांना जिवंत जाळले. त्यांच्या प्रार्थनागृहाच्या जागी मातृमंदिर उभे राहिले. पुढे काही दशकांनी याच चौकाच्या कोपऱ्यात सुमारे १९ मीटर उंचीचे एक रम्य कारंजे बांधले गेले. त्याची विसाव्या शतकाच्या प्रारंभीची प्रतिकृती आज तेथे उभी आहे. तिच्यावरील चाळीस मूर्तींमध्ये मोशे आहे, इतर संदेष्टे आहेत, आणि यहोशवा, दावीद, यहूदा मक्काबी हे ज्यू वीरही आहेत. पूर्वजांना पाषाणात मान आणि वंशजांना अग्नी! मातृमंदिराच्या दर्शनी भागावरील १५०९ च्या घड्याळात रोज दुपारी बारा वाजता सात राजपुरुषांच्या पुतळ्या त्याच चौथ्या चार्ल्सला तीन प्रदक्षिणा घालतात. प्रवासी मान वर करून कौतुक पाहतात. पाहावे, अवश्य पाहावे. परंतु पायाखालची जमीनही पाहावी.

दुसरी गोष्ट आपल्या वडिलांच्या हयातीतील. हा बाजार मधल्या काळात इतस्ततः भटकत होता. १९३३ साली सत्तेवर आलेल्या नाझींनी तो समारंभपूर्वक मुख्य चौकात परत आणला. चौकाला हिटलरचे नाव दिले गेले होते. सज्जावरून बालख्रिस्ताने काव्य म्हणण्याचा थाटही तेव्हाच सुरू झाला. परंपरेचा पुनरुद्धार, स्वच्छता, शोभा, नेटकेपणा, सर्व काही होते. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३५ मध्ये, ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे याच नगरात जाहीर झाले. युद्ध पेटल्यावर बाजार बंद पडला. २ जानेवारी १९४५ च्या बाँबवर्षावात जुने नगर जवळजवळ संपूर्ण कोसळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच नगरीतील न्यायालयात नाझी पुढाऱ्यांवरचा प्रसिद्ध खटला उभा राहिला.

१९४८ साली भग्नावशेषांमध्ये बाजार पुन्हा मांडला गेला. सज्जावरच्या काव्याचे शब्द नव्याने लिहिले गेले. त्याच वर्षापासून शाळकरी मुलांची कंदीलयात्रा सुरू झाली. आजही सुमारे दीड हजार मुले स्वतः केलेले कंदील हाती घेऊन रात्रीच्या अंधारात किल्ल्याची चढण चढतात आणि तेथे जन्मकथेचे देखावे सादर होतात. पडलेल्या घरांच्या रांगांतून चाललेले ते पहिले कंदील कसे दिसले असतील, याची कल्पना करताच अंगावर रोमांच उभे राहतात.

म्हणून आमचे म्हणणे असे, की उत्सवाची शोभा अधर्मालाही उसनी घेता येते. तोरणे तीच, सज्जा तोच, मुकुटही तोच. आत कोणता देव बसविला आहे, हे तोरणावरून कळत नाही. ते कशावरून कळते?

मुकुट कोणाच्या मस्तकी?

याचे उत्तर २०१९ साली त्याच सज्जावर मिळाले. १९६९ पासून बालख्रिस्ताच्या भूमिकेसाठी नगरातील सोळा ते एकोणीस वर्षांची एक मुलगी दर दोन वर्षांनी निवडतात. उद्घाटनापुरते तिचे काम नसते. त्या चार आठवड्यांत रुग्णालये, वृद्धाश्रम, शाळा अशा शंभराहून अधिक ठिकाणी तिला जावे लागते. त्या वर्षी निवड झाली ती बेनिग्ना मुन्सी या सतरा वर्षांच्या मुलीची. जन्म न्यूरेंबर्गचा, माता जर्मन आणि पिता भारतीय वंशाचे. निवड जाहीर होताच एका राजकीय पक्षाच्या अन्य ठिकाणच्या शाखेने समाजमाध्यमावर तिच्या वर्णावरून विषारी शेरा लिहिला. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची जी गत झाली, तीच एके दिवशी आपली होईल, असा त्याचा आशय होता.

नगर काय करते, याकडे सर्वांचे लक्ष लागले. नगराने मान खाली घातली नाही. अधिकारी, पुढारी आणि असंख्य सामान्य माणसे त्या मुलीच्या बाजूला उभी राहिली. शेरा मागे घ्यावा लागला, क्षमाही मागितली गेली. आणि २९ नोव्हेंबर २०१९ रोजी, जेथे कधी काळी वंशद्वेषाच्या घोषणा दुमदुमल्या, त्याच चौकात हजारोंच्या साक्षीने त्या मुलीने बालदेवाचा मुकुट धारण करून उद्घाटनाचे काव्य म्हटले. त्या नगराच्या साऱ्या इतिहासाचे प्रायश्चित्त एका सायंकाळी होत नाही, हे खरे. पण प्रायश्चित्ताची दिशा कोणती, हे त्या सायंकाळी दिसले.

याचा अर्थ तेथे सर्व काही आदर्श आहे असा नव्हे. या बाजाराला एका मोसमात सुमारे वीस लाख लोक भेट देतात; परंतु जर्मनीतील दोन मोठ्या ख्रिस्ती पंथांच्या सभासदांची एकत्र संख्या आता लोकसंख्येच्या निम्म्याहून खाली उतरली आहे. दुकानांपुढे रांगा आणि मंदिराच्या बाकांवर रिकाम्या जागा, हे चित्र श्रद्धाळू ख्रिस्ती मनालाही बोचते. द्राक्षासवाच्या गरम पेल्यांभोवतीची गर्दी पाहून उपवासाच्या जुन्या काळाची आठवण कोणाला येत असेल काय, अशी शंका आम्हांसही आली. २०१६ साली बर्लिनच्या आणि २०२४ साली माग्देबुर्गच्या नाताळबाजारात गर्दीवर वाहने घालून माणसे मारली गेली. तेव्हापासून तर अशा जत्रांना अडसरांचे आणि पहाऱ्याचे कडे पडले आहे.

म्हणजे हिशेब असा, की त्यांनी जत्रेची मर्यादा राखली, पण भाविक गमावू लागले आहेत. आपल्याकडे भाविकांचा पूर लोटतो, पण मर्यादा वाहून चालली आहे. कोणी कोणाला हसावे असा हा प्रसंग नाही. ज्याच्यापाशी जे उरले आहे, ते दुसऱ्याने पाहून घ्यावे.

यास्तव उत्सव करणाऱ्या मंडळींना आमची हात जोडून विनंती आहे. जन्मकाळापूर्वी एक घटका आणि जन्मानंतर आरती होईपर्यंत जत्रेतील प्रत्येक दुकानाचा ध्वनिक्षेपक बंद राहावा. एवढा एक नियम यंदापासून करावा. बुरूड, कुंभार, खेळणी करणारे कारागीर, घोंगड्या विणणारे यांना मंदिराजवळची जागा आधी द्यावी आणि प्लास्टिकच्या मालाला शेवटी. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जन्माच्या कीर्तनात पाळण्याची दोरी धरण्याचा मान वर्षानुवर्षे त्याच चार घरांत फिरत असतो. ज्या वस्तीतील लेकराला आजवर कोणी पुढे बोलावले नाही, तेथील एखाद्या मुलीच्या हाती यंदा ती दोरी द्यावी.

अत्रि-अनसूयेच्या पर्णकुटीत तीन देव भिक्षेकऱ्यांच्या वेषात आले, ही दत्तजन्माची कथा आपण सर्व जाणतो. अनसूयेने दारी आलेल्यांची जात, गाव, वर्ण विचारला असता, तर तिच्या मांडीवर बाळे खेळलीच नसती. तिने अतिथी पाहिला, म्हणून तिला देव मिळाला. येत्या पौर्णिमेच्या सायंकाळी पाळणा हलेल तेव्हा ही गोष्ट ध्यानी ठेवावी, एवढेच मागणे.